पटकी प्यायलेल्या लेकीस

प्रिय पंकजा,

तुझी भाची वाचली, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव वरखाली होणार नाही. आम्ही बेलापूरच्या बाजूला ऊसतोडीला आलोय. परवा सकाळी रविराजच्या पोरीला पेजेसारखे पांढरे जुलाब लागले. तुझा भाऊ घाबरून नुसता उभा. टोळीतल्या साळूबाईनं नेहमीचं फर्मान काढलं, "पानी बंद करा तिचं. आत घातलं की भाईर येतंय." बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मी मात्र टेम्पो येईपर्यंत आणि पुढं दवाखान्यापर्यंत पोरीला चमच्याचमच्यानं मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी पाजत राहिले. ओकली तरी पाजलं. डॉक्टर म्हणाले, या पाण्यानंच पोर हाती लागली.

हे शहाणपण माझं नाही, तुझं. तू राहुरीला शिकून अमेरिकेला गेलीस तेव्हा मी गावभर पेढे वाटले. आणि गेल्या वर्षी लसीच्या अभ्यासासाठी तू धडधाकट असताना पटकीचे, तुमच्या भाषेत कॉलऱ्याचे, जंतू प्यायला निघालीस, तेव्हा तुला नाही नाही ते बोलले. लोकांच्या पोरी परदेशात पिझ्झा खातात, आमची पटकी पिते. तू शांतपणे सांगत होतीस, दहा दिवस दवाखान्यातच ठेवतात, अंगातून गेलेलं पाणी मोजतात, तेवढं मीठ-साखरेचं पाणी पाजतात, मग औषध देतात. मी विचारलं, पण तूच कशाला? तेव्हा तू म्हणालीस, "आई, पाणी पाजल्यानं माणूस मरतं का जगतं, ते मला माझ्याच अंगावर बघायचंय." मी फोन ठेवून दिला. तू ते प्यायलीस, त्यातून बरीही झालीस, पण तेव्हापासून आपण "काय जेवलीस?", "थंडी किती?" एवढंच बोलतोय.

तू मोनीबद्दल बोलत होतीस, हे मला कळलं होतं. सतरा वर्षांपूर्वी अशाच तोडीवर, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, तुझी धाकटी बहीण जुलाबानं पडली होती. आम्ही तिचं पाणी बंद केलं. ती तांब्याकडे हात करायची. आम्ही उसाच्या फडात गेल्यावर तू, नऊ वर्षांची, तिला चोरून दोन वाट्या पाणी पाजलंस. संध्याकाळी ती गेली. मी तुला मारलं आणि सगळ्या टोळीसमोर म्हणाले, हिच्या पाण्यानं पोर गेली.

तुझा आवाज ऐकला की मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. रविराज या पत्राचा फोटो काढून धाडेल. वाचू नको म्हणून बजावलंय, पण वाचेलच. वाचू दे. पंकू, मोनी तुझ्या पाण्यानं गेली नाही, माझ्या अडाणीपणानं गेली. काल साळूबाईसकट सगळ्यांना बसवून मी हेच सांगितलं. तेव्हा सगळ्यांसमोर बोलले होते, तर हेही सगळ्यांसमोरच बोलायला हवं होतं. सतरा वर्षं उशीर झाला, त्याची माफी मागते. आणि तुझे लई उपकार आहेत, बाई. नात वाचली त्याचे तर आहेतच, पण माझी मोनी तहानलेली गेली नाही, त्याचे जास्त.

तुझीच,
आई