शेवटचा आला तर काय होतं

मोंतेरावो,
बुधवार, १७ एप्रिल

प्रिय तुलियो,

तू बरा असशील, गुडघा फार छळत नसेल, असं धरून चालते. इथे सगळं ठीक. घराचं छप्पर गेल्या महिन्यात दुरुस्त केलं. अंगणातल्या अंजिराला थंडीनं मारलं असं वाटलं होतं, पण खालून नवे कोंब आलेत. शेजारची इओले आता कोणालाच ओळखत नाही, तुझं नाव मात्र घेते. "गोलकीपर जेवला का?" म्हणते. मी म्हणते, जेवला.

एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून तुला वाटेल, कोणीतरी गेलं. तसं काही नाही. दुपारची सुट्टी आहे, फुटबॉल क्लबचं ऑफिस आतून लावून घेतलंय आणि लिहायला बसलेय. बाहेरच्या बाकावर सेव्हेरिनो बसलाय. त्याला वाटतंय, त्यानं सांगितलेलं पत्र मी लिहितेय. ते कोणतं, ते पुढे येईल.

आमचे नवे मालक तू रविवारी बघशीलच. ड्वेन पिएर्सांती आणि त्याची बायको लोरेटा. ओहायोत त्यांचा फरशा धुण्याची यंत्रं करायचा कारखाना होता, तो विकून आले. ड्वेनचा आजोबा इथल्या वरच्या गल्लीतला. नातवाला इटालियनमधले चारच शब्द येतात, त्यातले दोन शिव्या आहेत. माणूस मोठ्या मनाचा. आल्या आल्या त्यानं खेळाडूंच्या नहाणीत गरम पाणी आणलं. आमचे जुने अध्यक्ष सेव्हेरिनो ते तीस वर्षं आणणार होते.

मार्चपासून दोघं इथेच राहायला आलेत, आणि मी त्यांची मास्तरीण झालेय. लंडनला चार वर्षं लोकांची मुलं सांभाळली, ते इंग्रजी आता कामाला येतंय. रोज दुपारी आर्माँदाच्या बारमध्ये तळलेल्या ऑलिव्हची बशी मधे ठेवून शिकवणी चालते. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एकेक.

"बरोबरी झाल्यावर पुढे काय खेळतात?" ड्वेननं विचारलं.

"काही नाही. घरी जातात."

"नव्वद मिनिटं खेळून कोणीच जिंकलं नाही, आणि घरी जातात?"

"कधीकधी गात जातात," मी म्हटलं. लोरेटा इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग विचारलं, विजेता ठरवायला शेवटी मोठा सामना कधी असतो? मी म्हटलं, नसतो. अडतीस सामने झाले की ज्याचे गुण जास्त, तो पहिला. ड्वेन म्हणाला, हे म्हणजे लग्नाआधीच जेवण उरकण्यासारखं झालं. तरी वहीत लिहून घेतलं. सगळं लिहून घेतो तो. वही भरत आलीय. त्या वहीत एक गोष्ट नाही, आणि ती मी लिहू दिली नाही.

फेब्रुवारीपासून आम्ही हरतोय. गावात लोक एकमेकांशी धड बोलत नाहीत, आणि हा गडी मजेत. सलग चौथा सामना हरलो त्या दिवशी बारमध्ये शिरला आणि सगळ्यांना कॉफी पाजली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आर्माँदा म्हणाली, "ओर्नेला, विचार त्याला, डोक्यावर पडलाय का?"

मी विचारलं, अर्थात दुसऱ्या शब्दांत. तेव्हा कळलं. त्यांच्याकडे जो संघ शेवटचा येतो त्याला बक्षीस मिळतं, तुलियो! नव्या पोरांतला सगळ्यात चांगला खेळाडू आधी त्याला निवडायला देतात, म्हणजे दुबळा पुढच्या वर्षी सावरतो. ड्वेन माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "हरतोय तर हरू दे. जूनमध्ये पहिली निवड आपली!"

सगळा बार थांबला होता. "काय म्हणतोय?" आर्माँदानं विचारलं.

"म्हणतोय, धीर सोडू नका," मी म्हटलं.

तेव्हापासून हेच चाललंय. तिकडचं इकडे वेगळं सांगायचं, इकडचं तिकडे वेगळं. मध्ये मी. घरी येऊन चपला काढल्या तरी वाटतं, कोणीतरी अजून माझ्याकडे बघतंय, मी काय सांगते याची वाट बघत.

याचं मूळ गेल्या जूनमध्ये आहे. विक्रीच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. ड्वेनबरोबर त्याचा भाचा आला होता, घरं-दुकानं विकणारा वकील. त्यानं आकडे तपासले, खेळातलं त्याला काही कळत नव्हतं. सही करण्याआधी ड्वेननं पेन खाली ठेवून एकच प्रश्न विचारला, "शेवटचा आला तर काय होतं?"

सेव्हेरिनो मला म्हणाला, "होतं काय? खाली जातो. आपली तिसरी लीग म्हणजे पगारी फुटबॉलची शेवटची पायरी. त्याखाली हौशी लोक. खेळाडूंचे करार संपतात, अर्धं ऑफिस घरी जातं, वर यायला दहा-दहा वर्षं लागतात. सांग त्याला. पण जरा गोडीनं सांग, पोरी."

मी ड्वेनकडे वळून म्हटलं, "शेवटचा आला तर पुढचं वर्ष जरा जड जातं."

एवढंच. त्यानं मान हलवली आणि सही केली.

दुसरं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. जुलैत दरवाजाला कुलूप लागलं असतं. मी अठ्ठावन्न वर्षांची, तीस वर्षं याच टेबलाशी. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि एकही पुरत नाही.

आता रविवारचा शेवटचा सामना, तुमच्याशी. तू सगळं जाणतोसच, तरी लिहिते. टिकायला आम्हाला एक गुण हवा. तुम्ही नववे आहात, जिंकलात काय, हरलात काय, नववेच राहणार. काल सेव्हेरिनो ऑफिसात आला. क्लब विकला तरी खुर्ची त्याचीच असल्यासारखा बसतो.

"तुझा भाऊ त्यांचा कोच आहे," म्हणाला.

"मला माहीत आहे, अध्यक्षसाहेब."

"बरोबरीनं त्याचं काय जाणार? दोन ओळी लिही. रक्ताचं नातं आहे. गाव वाचेल, आणि तुझा तो अमेरिकन... त्याला तू काय सांगितलंस ते कोणाला कळायचीही गरज नाही."

शेवटचं वाक्य तो दारापाशी जाऊन बोलला. छत्री शोधत.

म्हणून हे पत्र. पण त्या दोन ओळी मी लिहिणार नाही. हे पाकीट सामना झाल्यावरच टपालात पडेल. तुझ्याकडे काही मागायचं तर आधी तुझ्याकडून काय घेतलंय ते बोलायला हवं, आणि तिथे आले की माझं पेन छपराकडे, अंजिराकडे, इओलेकडे पळतं.

तर आता लिहितेच. डॉक्टर बाल्दुच्चीचा कागद होता.

एकोणीस वर्षांपूर्वी तू आपला गोलकीपर होतास, आणि शेवटच्या सामन्याआधी शुक्रवारच्या सरावात तुझी दोन बोटं मोडली. "उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली, खेळू नये," असं त्यांनी लिहून दिलं. तो कागद मी स्वतः घेतला आणि आवक नोंदवहीत चढवला. दुसरा गोलकीपर तापानं पडला होता. सेव्हेरिनोनं तुला इंजेक्शन देऊन उभं केलं आणि मला म्हणाला, कागद आत ठेव. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू तुझ्या हातातून निसटला आणि आपण खाली गेलो. घराच्या भिंतीवर कोणीतरी "विकाऊ" असं रंगवलं. मंगळवारी क्लबच्या सभेत तू बँडेज दाखवलंस तर लोक म्हणाले, सामन्यानंतर बांधलंय. तू माझ्याकडे वळलास. "ओर्नेला, कागद आण."

आणि मी उभी राहून म्हटलं, "असा कागद ऑफिसात नाही."

तू ओरडला नाहीस. नुसतं बघितलंस. आई तेव्हा अंथरुणावर होती, घर माझ्या पगारावर चालत होतं, हे तुलाही माहीत होतं. बहुतेक म्हणूनच तू ओरडला नाहीस.

तू गाव सोडलंस, आणि आई जाईपर्यंत विचारत राहिली, तो का येत नाही? मी सांगायची, सामने असतात ना, आई.

बाहेर सेव्हेरिनो काठी आपटतोय. इथेच थांबवते.

ओर्नेला


मोंतेरावो,
सोमवार, २२ एप्रिल

तुलियो,

हेही त्याच पाकिटात घालतेय.

बुधवारी दार उघडलं तेव्हा सेव्हेरिनोनं हात पुढे केला. म्हटलं, "लिहिलंय, पण देणार नाही." तो म्हणाला, "मग अमेरिकनाला मीच सांगतो."

"तुम्हाला इंग्रजी येत नाही, अध्यक्षसाहेब," मी म्हटलं. मला हसू आलं. त्याला नाही आलं.

शनिवारी सकाळी मी पिएर्सांतींच्या घरी गेले. ड्वेन गच्चीवर दाढी करत होता, लोरेटा टोमॅटोची रोपं लावत होती. मी बसले नाही. म्हटलं, जूनमध्ये तुम्ही एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी खोटं दिलं. आणि मग सेव्हेरिनोचं उत्तर शब्दाला शब्द सांगितलं, गोड न करता. शेवटच्याला बक्षीस नसतं. निवड नसते. उद्या हरलो की पगारी फुटबॉलच्या बाहेर.

ड्वेनच्या अर्ध्या गालावर फेस तसाच होता. त्यानं विचारलं, "म्हणजे गेले दोन महिने मी बारमध्ये कॉफी वाटत होतो, तेव्हा ही माणसं..."

"हो."

"आणि तू त्यांना काय सांगत होतीस?"

"तुम्ही धीर देताय म्हणून."

तो आत गेला. दार आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. मी लोरेटाकडे बघितलं. ती हात मातीतच ठेवून म्हणाली, "मला नाताळपासून माहीत आहे. पुतणीनं फोनवर लीगचे नियम वाचून दाखवले होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तो खूश होता. रोज उद्या सांगू म्हणायचे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तू कधी सांगतेस याचीही वाट बघत होते. माझं काम वाचलं असतं."

म्हणजे तिघांच्या त्या शिकवणीत एकटा ड्वेनच शिकत होता.

रविवारचं तुला काय सांगू, तू तिथे होतास. एवढंच सांगते, तुझ्या पोरांनी मान राखून खेळ केला. सत्तराव्या मिनिटाला तुमचा गोल झाला तेव्हा तू बाकावरून उठला नाहीस, हात छातीशी बांधून बसून राहिलास. ते सगळ्या स्टँडनं बघितलं. त्या एका गोलानं आम्ही खाली गेलो, पण शिट्टी वाजल्यावर कोणी शिव्या दिल्या नाहीत. माणसं जागच्या जागी बसून राहिली. ड्वेन त्यांच्यात बसला होता, मालकांच्या खुर्चीवर नव्हे, खालच्या पायऱ्यांवर. त्याला सगळं कळत होतं. आर्माँदा रडायला लागली तेव्हा त्यानं तिला आपला रुमाल दिला. त्या दोघांना माझी गरज पडली नाही.

मग तो बोळ. मी सामन्याचे कागद घेऊन येत होते आणि तू कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आलास. वाटलं, आता तू निघून जाशील. किंवा बोलशील, आणि एकोणीस वर्षांचं सगळं बोलशील. तू विचारलंस, "दफनभूमीत आई कोणत्या रांगेत आहे?"

"सातव्या. भिंतीकडून तिसरी," मी म्हटलं.

तू मान हलवलीस आणि गेलास. तुमची बस चाळीस मिनिटं उशिरा सुटली असं राखणदार म्हणाला. त्यानं कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आज सकाळी आठ वाजता बार भरला होता. भिंतीवर ती काचेची चौकट आहे, जिथे संघाची यादी लावतात. मी आर्माँदाकडून किल्ली घेतली, यादी काढली आणि डॉक्टर बाल्दुच्चीचा कागद लावला. शेजारी आवक नोंदवहीचं ते पान. दोन्हींवर तारीख आहे, शुक्रवारची. कोणी विचारायच्या आधीच मोठ्यानं म्हटलं, "हा कागद ऑफिसात होता. नाही असं मी म्हटलं. माझा भाऊ मोडलेल्या बोटांनी खेळला."

सेव्हेरिनो खिडकीपाशी बसला होता. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते. ते बरोबरच होतं. आर्माँदानं विचारलं, "आणि तू आत्ता सांगतेस?" तिनं मला कॉफी दिली नाही. कागद मात्र काढला नाही, काच बंद करून किल्ली खिशात ठेवली.

तिथून ऑफिसात गेले, राजीनामा टाईप केला आणि ड्वेनसमोर ठेवला. खरं सांगू? हलकं वाटत होतं. रिमिनीला जायचं, समुद्राकाठी एखाद्या हॉटेलात हिशोब नसलेलं कसलंही काम करायचं, एवढंही ठरवून टाकलं होतं. इथे परत पाऊल टाकायचं नाही.

ड्वेननं कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि मला परत दिला.

"नाही," म्हणाला. "हे गाव मला विकू देणार नाही, आणि विकत घेणारा वेडा दुसरा सापडणार नाही. मी इथे अडकलोय, आणि मला तू अडकवलंस. आपण परत वर जाईपर्यंत तूही कुठे जायचं नाहीस."

"दहा वर्षं लागतील."

"मग अडुसष्टाव्या वर्षी सुटशील. आता बस, आणि हौशी लीगमध्ये काय काय असतं ते सांग. या वेळी सगळं सांग."

त्यानं मला माफ केलेलं नाही, तुलियो. तोंडावर तसं म्हणालाही. मी खुर्ची ओढून बसले. तीन तास बोलत होते, घसा बसला. बाहेर कोणीतरी मैदानाच्या फाटकावर काही रंगवत होतं. माझंच नाव असणार, मी बघायला गेले नाही. घरी जाताना त्याच फाटकातून जायचंय, उद्याही, परवाही.

सातव्या रांगेत आज नवी फुलं होती. पाणी मी बदललं.

खाली "तुझी बहीण" असं लिहिलं होतं, ते खोडलं. ते लिहायचं की नाही, हे आता तू सांगायचं.

ओर्नेला