फोनवाले घर

८ जुलै १९७८, शनि.
आले: तूरडाळ दोन किलो, नऊ रु. रॉकेल पाच लिटर, सात रु. आंतरदेशीय पत्रे चार, एक रु. देवाला कापूर अन् वाती, साठ पैसे. जबलपूरहून शकूचे कार्ड, फुकट.
कार्डावर नेहमीचेच. मी खुशाल आहे, काळजी नसावी. खाली विहीणबाईंनी लिहिलेले, "सूनबाई मजेत आहे." म्हणजे लिहून झाले की कार्ड त्यांच्या हाती जाते. पोरीला बोलायला लागली की आवरावे लागायचे. आता दोन वाक्ये.
हे सातच्या बसने उमरेडहून नागपूरला आले. पावसाने खाणीत पाणी, हापिसात सगळ्यांची तोंडे वाकडी. घरमालकाचा निरोप सांगितला, दसऱ्याच्या आत खोल्या रिकाम्या करा. म्हणाले, "मग आता आपलंच पाहू. फंड काय डोक्यावर घेऊन जाचा हाये?"

१६ जुलै, रवि.
सक्करदऱ्याला घर पाहिले. तलावाच्या पलीकडे नवी वस्ती. तीन खोल्या, गोड्या पाण्याची विहीर, तुळशीला पूर्वेचे ऊन. उमरेडची बस कोपऱ्यावर थांबते. हे विहिरीत वाकून वाकून पाहत होते. "सकाळी गेलो की संध्याकाळी घरी. खानावळीचं वरण सुटलं पाय." लग्नाला चोवीस वर्षे झाली, त्यातली निम्मी हे शनिवारचे पाहुणे. मला आनंद व्हायला पाहिजे होता.
दलालाला विचारले, इथे फोन कोणाकडे आहे? तो हसला. "बाई, खांब तर येऊ द्या. आज अर्ज केला त तुमच्या नातवाले भेटन."
परत येताना ह्यांनी विचारले, फोन कशाला. अडखळत काहीतरी सांगितले.

१७ जुलै
ह्यांना काल धड सांगता आले नाही ते इथे लिहिते.
उन्हाळ्यात शकूचा ट्रंककॉल आला होता, घरमालकाकडे. आमचा पी.पी. नंबर, म्हणजे त्यांनी फोन घेऊन आम्हाला हाक मारायची, तोच. वरून हाक आली, मी पीठ लागलेल्या हाताने धावले. शकू म्हणाली, "आई, एक सांगाचं होतं." म्हटले सांग. मग म्हणाली, "तिथं कोण हाये वं?" मालकीणबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या, सूनही दारात. मी म्हटले, सगळे आहेत. "मंग राहू दे." तिने थोडे इकडचे विचारले, ऊन फार आहे का, बाबांचा खोकला कसा आहे. तीन मिनिटे झाली. मालकीणबाई म्हणाल्या, "पोरगी रडत होती काय?" मी म्हटले, सर्दी आहे तिला.
खोटे बोलले. देवापुढे कबूल केले. पण काय सांगायचे होते ते राहिलेच. त्यानंतर फोन नाही.

२३ जुलै, रवि.
इथेच, आपल्या महाल वस्तीत, एक घर विकाऊ आहे. गोमासे म्हणून आहेत, त्यांच्या चार मालट्रका चालतात. घर अंधारे, संडास समाईक, भाव सक्करदऱ्याहून जास्त. पण बैठकीत कोनाड्यात काळा फोन. आम्ही बसलो होतो तेव्हाच वाजला. मी उठून उभी राहिले, जणू मलाच आला.
घरी येऊन म्हटले, हे घ्यायचे.
"काहून?"
फोन आहे.
"घर राहाले घेते लोक. तू बोलाले घेऊन राहिली."
म्हटले, शकूला घरच्या फोनवर बोलता येईल, कोणी ऐकणार नाही. हे सुपारी कातरू लागले. मग म्हणाले, "म्हणजे मी शनिवारीच येऊ." मी सुपारीचा डबा उचलून आत ठेवला.

३० जुलै
गोमासेंना इसार दिला. हे म्हणाले, "चोवीस वर्षांत पहिल्यांदा हट्ट केला. तोही असा." रागावून नव्हे. रागावले असते तर बरे.
टेकडीच्या गणपतीला जाऊन आले. दुर्वा, नारळ.

२० ऑगस्ट, रवि.
चूक झाली.
कागदपत्रांसाठी गोमासे आले. मी सहज म्हटले, फोनचे कागदही त्यातच लावा. ते पाहतच राहिले. "बाई, घर विकलं. फोन नाही विकला. फोन सरकारचा, माह्या नावाचा. माह्या नव्या घरी जाईन तो."
मी म्हटले, विहीर घरासंगे येते, झाड येते, मोरी येते. फोन भिंतीत ठोकलेला आहे, तो कसा नाही?
ह्यांनाही ठाऊक नव्हते. दोघे मॅट्रिक शिकलेले.
गोमासेंना दया आली असेल. म्हणाले, नव्या घरी लाइन यायला दिवाळी उलटेल. तोवर फोन त्या घरातच राहू द्या. अट एक, त्यांच्या गाड्यांचे निरोप येतील ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचे, संध्याकाळी त्यांचा माणूस नेईल. आणि डायलला कुलूप राहील, किल्ली त्यांच्याजवळ. "तुमाले आलेलाच घ्याचा हाये ना?"
हो. आलेलाच.

१२ सप्टें.
नव्या घरात आलो. दूध उतू घातले. हे दोन दिवस रजेवर होते, आज गेले. जाताना फोनकडे पाहून म्हणाले, "संभाळजो बाबा हिले." फोनला म्हणाले. मला हसू आले, मग नाही.
शकूला नंबर कळवला. आंतरदेशीयावर, मोठ्या अंकांत. लिहिले, दुपारी दोन ते चार मी एकटीच असते. खरे म्हणजे सकाळीही एकटीच असते.

१९ सप्टें.
फोन दिवसातून सात-आठदा वाजतो. सगळे गोमासेंचे. चंद्रपूरला गाडी पंक्चर. कांदा भिजला, मालक काय म्हणतात. एक ड्रायव्हर रोज विचारतो, "सेठ, पगार कब मिलेगा?" मी म्हणते, मी सेठ नाही. तो म्हणतो, "तो फिर सेठानी बताओ." चिठ्ठीवर लिहिले, ड्रायव्हर पगार विचारतो. चौथ्यांदा लिहिले. काल त्याला मिळाला. आज त्याने तेवढे सांगायला फोन केला.
पूजेला बसले की हमखास वाजतो. घंटी एका हातात, दुसरी तिकडे.
शकूचे उत्तर नाही.

११ ऑक्टो., दसरा
ह्यांना सुट्टी नाही. मजूर सुट्टीवर, म्हणून बाबूंनी थांबायचे.
सुपारीचा सरोता, विळी, शिवणाचे मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहिले. फोनलाही वाहिले. शेजारच्या कमलबाई सोने द्यायला आल्या त्यांनी पाहिले. "काकू, ह्याची कोणती आरती असते वं?" म्हटले, अजून पाठ नाही झाली. त्या हसल्या, बसल्या, चहा घेतला. जाताना म्हणाल्या, "पोरीचा आला काय फोन?" सगळ्या गल्लीला ठाऊक आहे मी कशासाठी हे घर घेतले. त्यांच्या अंगणात ऊन येते.

१८ ऑक्टो.
शकूचे कार्ड आले. खुशाल आहे, काळजी नसावी. नवे घर छान असेल. फोनबद्दल एक अक्षर नाही. नंबर तिला मिळाला की नाही, कळायला मार्ग नाही. आंतरदेशीय बंद असते, पण चिकटवलेले उघडायला काय लागते, वाफ.
जावयांचेही दोन ओळींचे पत्र, दिवाळीला पाठवणे जमणार नाही, घरी काम आहे. मागल्या दिवाळीलाही काम होते.

२ नोव्हें.
दिवाळी झाली. करंज्या अर्ध्या केल्या तरी उरल्या. पाडव्याला ह्यांना ओवाळले. त्यांनी ताटात पाच रु. टाकले अन् म्हणाले, "सक्करदऱ्याचं घर गेलं म्हणे. शाळामास्तरने घेतलं." मी म्हटले, बरे झाले. आणि आत गेले.

७ नोव्हें.
गोमासेंचे जबलपूरला मुनीम आहेत, मिश्राजी. मंगळवारी अन् शुक्रवारी त्यांचा फोन येतो, मालाची यादी सांगतात, मी लिहिते. म्हातारे असावेत, दर वाक्याला खोकतात. "माताजी, जरा कलम उठाइए." मी त्यांच्याहून लहान असेन.
दोन महिने हा माणूस आठवड्यातून दोनदा जबलपूरहून बोलतो. शकूच्या गावातून. आणि मी कोळसा अन् सिमेंट लिहून घेते.
आज यादी झाल्यावर म्हटले, भाईसाब, एक काम था. आणि पुढे बोलताच येईना. ते म्हणाले, "बोलिए, मीटर सेठ का चल रहा है." मग सांगितले. मुलगी आहे, पत्ता हा, गोलबाजाराच्या मागे. फक्त पाहून यायचे. दिसते कशी. आणि हा नंबर तिच्या हातात द्यायचा, दुसऱ्या कोणाच्या नाही.
त्यांचा खोकला झाला. मग, "मेरी भी दो हैं, माताजी. जाऊँगा."
परक्याला घरचे सांगितले. ह्यांना शनिवारी सांगावे लागेल.

१० नोव्हें.
शुक्र. मिश्राजींनी आधी यादी सांगितली. पूर्ण लिहून घेतली. मग म्हणाले, काल गेलो होतो. एका बाईने दार उघडले, वयस्क. मिश्राजींनी विचारले, बहूजी आहेत का, नागपूरहून निरोप आहे. ती म्हणाली, "वो तो मायके गई है." आणि दार लावले.
मी म्हटले, मायका तर इथे आहे.
ते म्हणाले, "इसीलिए तो बता रहा हूँ, माताजी."
मग लाइन तुटली.
दुपारी जेवले नाही. उपास नव्हता.

११ नोव्हें., शनि.
उंबऱ्यातच ह्यांना सांगितले. पिशवी हातातच राहिली. म्हणाले, "ट्रकचा मुनीम दारात. घरची सून असी कोण समोर करते? टाळाले सांगितलं असन."
असेल. मीही कदाचित तेच सांगितले असते, कोणी अनोळखी माणूस शकूला विचारत आला तर. पण मी म्हटले असते, झोपली आहे. देवळात गेली आहे. माहेरी गेली असे म्हटले नसते.
ह्यांनी पिशवी खाली ठेवली. मग विचारले, "फोनवर तवा काय सांगाचं होतं तिले?" माहीत असते तर हे घर कशाला घेतले असते.

१२ नोव्हें., रवि.
मी म्हटले, आजच निघते जबलपूरला. हे म्हणाले, "अन् तू गाडीत असतानी तिचा फोन आला त? खरंच तिथून निघाली असन, त कुठून तरी करनच ना."
ते खरे. मी गेले तर फोन रिकाम्या घरात वाजेल. मी राहिले तर तिकडे कोणी जाणार नाही. ह्यांना गुरुवारशिवाय रजा नाही, गुरुवारी रात्रीच्या गाडीने हे जातील असे ठरले. फोन उचलायला मी.
गोमासेंचा माणूस चिठ्ठ्या न्यायला आला, सांगून गेला की नव्या घरी तार ओढली, पुढच्या आठवड्यात फोन काढायला येतील. म्हटले, दोन-चार दिवस पुढे ढकला म्हणावे. तो म्हणाला, "सरकारी काम हाये काकू, आपल्या हाती काय." कुलपाची किल्ली मागितली. सेठला विचारतो म्हणाला.

१३ नोव्हें.
हे पहाटे गेले. दारात थांबून म्हणाले, "जावयाले पत्र टाक. पण नरमाईनं. पोरीवाले हाओत."
सकाळपासून चार फोन. चारही वेळा हॅलो म्हणायच्या आधी मी शकू म्हटले. एक ड्रायव्हर म्हणाला, "कौन शकू?"
पत्राचे तीन कागद फाडले. पहिल्यात फार विचारले, दुसऱ्यात फार रडले, तिसरे नरम होते पण त्यात काहीच नव्हते. शेवटचे हे, उतरवून ठेवते. बाराच्या टपालात टाकते. कमलबाई तेवढा वेळ फोनपाशी बसणार आहेत.

चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल. नवीन घरी स्थिरस्थावर झालो. आपल्या मातोश्रींकडून असे कळले की चि. शकू माहेरी आली आहे. ती इकडे आलेली नाही. ती कोठे आहे व केव्हा निघाली, एवढेच परत टपालाने कळवावे.