गच्चीवरचा कडू घास

माय, तू पाहिलेलं शहर आता उरलेलं नाही. तू कन्नडहून एसटीनं माझ्याकडं यायचीस तेव्हा पुंडलिकनगरच्या पुढं मोकळं रान होतं आणि तू म्हणायचीस, इथं मेंढरं चांगली चरतील. त्या रानात आता चार-चार मजली इमारती आहेत आणि पाऊस पडला नाही की सगळ्या मिळून एका टँकरची वाट बघतात. पण मी हे सांगायला बसले नाही. तुझा धाकटा गेला, माय.

तुला आठवतं का, मामा त्याच्यासाठी तिसरं स्थळ घेऊन आला होता तो दिवस? तू दारात लोकर पिंजत बसली होतीस. हा नको म्हणाला आणि उठून वाड्याकडं, मेंढरांत जाऊन बसला. मी त्याच्या मागं ओरडत निघाले तर तू मलाच खेकसलीस, "गप बस गं. तहान नसली तर मेंढरू नदीत उभं केलं तरी पाणी पीत नाय." मामा हसला. तू हसली नाहीस, पिंजत राहिलीस. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. तुला काही कळलं होतं की तू नुसती दमली होतीस, हे विचारायचं राहूनच गेलं.

मला त्यानं फार वर्षांनी सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात. मी टँकरचं पाणी फडक्यातून गाळत होते. तो म्हणाला, "अक्का, मला पोरी नाय आवडत. मी एकाबरोबर राहतो. आमचं घर हाये." फडकं माझ्या हातातच राहिलं. मी विचारलं, "त्याला मटण चालतं का?" तो इतका हसला की शेवटी रडायलाच लागला.

मग एका रविवारी तो मला उस्मानपुऱ्यात घेऊन गेला. त्यांच्यातला एक लेडीज टेलर आहे, केस पिकलेला. त्याची गच्चीवर खोली आहे आणि रविवारी हे सगळे तिथं जमतात. मी ठेवणीतली साडी नेसले होते. काय बघायला मिळेल, याच विचारात जिना चढले. वर बघते तर एक जण सोमवारचा शर्ट इस्त्री करतोय, दोघं मटार सोलतायत आणि बाकीचे, वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही म्हणून घरमालकाला शिव्या घालतायत. धाकट्याच्या जोडीदारानं मला अर्धा ग्लास पाणी दिलं. त्या दिवसांत सगळीकडं अर्धाच ग्लास द्यायचे. मी पाणी प्यायले आणि मनात होतं ते विचारून टाकलं, "तुमच्यात नवरा कोण अन् बायको कोण?"  तुझ्या धाकट्यानं मान खाली घातली. टेलर म्हणाला, "आपा, इन दोनों में बायको कोणीच नाय. दो दिन की भांडी पडी हैं, जाके देखो." मग जे हसू फुटलं त्यात मीही हसले. त्यांचं सगळंच मला कळायचं असं नाही. काही गोष्टी ऐकून आजही बावरते. पण मी जात राहिले, कारण तिथं तो मोठ्यानं बोलायचा. आपल्या घरात तो कधी मोठ्यानं बोलला नव्हता.

पुढच्या दुष्काळात घरोघर पाणी साठवलेलं आणि घरोघर डास. त्याला डेंग्यू झाला. दिवसा मी दवाखान्यात असायचे, रात्री तो जोडीदार. नर्सनं नातं विचारलं की तो म्हणायचा, मित्र. धाकटा वाचला नाही. त्याला गावाकडं नेलं. चुलत भावानं अग्नी दिला. जोडीदार लिंबाखाली, माणसांच्या मागं उभा होता. "हे कोण?" कुणीतरी विचारलं. त्यानंच सांगितलं, "कंपनीतला." घरी आल्यावर चुलतीनं आपल्या रीतीप्रमाणं मला पिठलं-भाकरीचा कडू घास भरवला. ज्याचं माणूस जातं त्याच्या घरी चूल पेटत नाही, त्याला दुसऱ्यांनी बळंच भरवायचं असतं. मी गिळला. दिवसभर बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. जोडीदार संध्याकाळच्या एसटीनं एकटा परत गेला.

तेरावं झाल्यावर मी गच्चीवर गेले. कुणी माझ्याकडं आलं नाही. सगळे त्या जोडीदाराला धरून बसले होते, कुणी पाठीवर हात, कुणी पायाशी. माझ्याच भावाच्या दुःखात मी पाहुणी. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. मग मला कळलं, गावात माणूस माझं गेलं होतं, याच एका जागी ते त्याचं गेलं होतं.

मी विचारलं, "तुला कडू घास कुणी दिला?"

तो म्हणाला, "कोण देणार अक्का? मी माहेरचा का सासरचा?"

मी पदर खोचला. टेलरनं बेसन काढून दिलं, कुणीतरी खालून भाकरीचं पीठ आणलं. पिठलं नीट जमलं नाही, गुठळ्या राहिल्या. पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला तर तो तोंड उघडेना. "खा बेटा," टेलर म्हणाला. त्यानं खाल्ला आणि तोंडात घास तसाच ठेवून म्हणाला, "त्याला पिठलं आवडायचं नाय, अक्का." मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून असा रडला की भिंतीपलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघत राहिली.

मी निघाले तेव्हा त्यानं विचारलं, "तुमची माय असती तर आली असती का इथं?" मटार सोलणारे, इस्त्रीवाला, सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या आया जिवंत आहेत आणि त्या कधी आल्या नाहीत. मी म्हटलं, "व्हय. जिना चढताना शिव्या दिल्या असत्या, पण आली असती."  टेलरनं तोंड फिरवून डोळे पुसले.

हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच विचारते. मी त्यांना अगदी छातीठोक सांगितलं, माय. पण तू आली असतीस का, हे मला माहीत नाय.