सर्टिफिकेट माझं, पक्कड ह्यांची

६ जाने. ९७, सोम.
आजपासून नेटवर्किंगचा क्लास. मांजर्लीहून पार उल्हासनगर कॅम्प ५. खरं तर जायचं होतं ह्यांनी, पण अंबरनाथच्या फॅक्टरीतली शिफ्ट सुटत नाही. म्हणे, "तू बी.एस्सी. आहेस, तू जा. घरी येऊन मला शिकव." फॅक्टरीतले कॉम्प्युटर एकमेकांना ह्यांनीच जोडले, चार वर्षं तेच सांभाळतायत. हुद्दा अजून इलेक्ट्रिशियन.

२१ जाने.
वही उघडली. दहा मिनिटांत ह्यांना जांभया. "हे सगळं मला येतं गं." येतं तर मला कशाला धाडलं? कणीक मळायची राहिली ती राहिलीच.

१९ मार्च
पास! सर्टिफिकेटवर नाव माझं, अर्थात. सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं. हे हसले, पण पेढा अर्धाच खाल्ला.

२ मे, शुक्र.
फॅक्टरीत नेटवर्क इंजिनिअरची नवी जागा. हे खुशीत. मग नोटीस वाचली. सर्टिफिकेट नसणाऱ्यांनी अर्ज करू नये. क्लासचे सिंधी सर मला म्हणाले, "बेटी, तू भर दे फॉर्म. हाथ को कौन पूछता है, सब काग़ज़ देखते हैं." ह्यांना विचारलं. "भर ना." आवाज कोरडा. भरला. मला नोकरी हवी आहे, स्वतःशी तरी कशाला लपवू.

१४ मे
इंटरव्ह्यू. मॅनेजर : "आजवर किती केबल टाकल्यात?" एकही नाही, म्हटलं. पुस्तकातलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "गोडाऊनमधलं नेटवर्क सारखं बंद पडतं, कशाने असेल?" मी म्हटलं, "उंदीर. वायर कुरतडतात." खूश झाले. हे कुठल्या पुस्तकात नाही, ह्यांनी जेवताना सांगितलेलं. तिथे काही वाटलं नाही, घरी येऊन ह्यांना वाढताना लाज वाटली.

२३ मे, शुक्र.
जागा मला. हे माझ्या हाताखाली, टेक्निशियन. सोमवारी उत्तर द्यायचंय. मॅनेजरांनी निरोप ह्यांच्याबरोबरच पाठवला, कमाल आहे माणसाची. चप्पल काढता काढता ह्यांनी सांगितलं. "घे तू." एवढंच.
मला आनंद झालाय, आणि घरात तो दाखवायची चोरी. ऑफिसात हे मला काय म्हणणार, मॅडम?

२५ मे, रवि.
उद्या उत्तर द्यायचं. सकाळी मीच म्हटलं, "वायरला कनेक्टर कसा लावतात, दाखवा." चहाचे कप सारून ह्यांनी पक्कड आणली. एकदा करून दाखवलं, मग माझ्या हातात दिली.
पहिला लावला. ह्यांनी ओढून पाहिला, निघून आला. "सर्टिफिकेट कोणी ओढून बघत नाही," म्हणाले. टोमणाच. गिळला.
दुसराही निघाला.
तिसरा ओढला. मग पायाखाली वायर धरून जोर लावून ओढला. निघाला नाही. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ह्यांनी पक्कड उचलली, तो कापून टाकला आणि वायर पुन्हा माझ्यापुढे केली.
"अजून एक कर."