फोलिओरा ५.० अल्फा आणि भक्तीची पत्रिका

६ एप्रिल, सकाळी ९
फोलिओरा ५.० चं अल्फा आलं! छपाईची पानं लावायचं हे फुकट सॉफ्टवेअर जगभर वापरतात, पण अल्फा टाकून बघायची छाती किती जणांत? पालममधे एकच डीटीपीवाला: मी, बन्सीधर. टाकताना लाल चौकटीत इशारा आला की ही चाचणीची आवृत्ती आहे, महत्त्वाच्या कामाला वापरू नका. असं सगळेच लिहितात.

दुपारी २
नवी फीचर्स सत्तावीस. आधी डार्क मोड लावला. स्क्रीन काळी, मेनूपण काळा, आणि बंद करायचं बटण त्या काळ्यातच. तासभर अंदाजानं माउस फिरवायलोय. शिकायला मिळायलंय.

७ एप्रिल
ठरलं. भक्तीची लग्नपत्रिका अल्फातच करणार. पोरगी एकच, बापाचं दुकान डीटीपीचं, साधी पत्रिका कशी चालंल?
शिवाय ही पत्रिका दादासाठी आहे. थोरला भाऊ सोपानराव, बोरीला असतो. सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं. वास्तुशांतीत मी दादाच्या आधी मेव्हण्याला, अंबादासला, टॉवेल-टोपी दिली. दादा जेवलेच न्हाईत, ताटावरून उठले. सासरवाडीचा झालास म्हणाले. भक्तीच्या साखरपुड्याला कसंबसं बोलणं जमलं. म्हणाले, पत्रिका घेऊन ये, येतो लग्नाला. यावेळी चूक नाही.

९ एप्रिल
निमंत्रकांची चौदा नावं टाइप केली. बायकोनं, सुमननं, मानाप्रमाणं कागदावर लिहून दिली होती. सगळ्यात वर दादा, सगळ्यात खाली अंबादास. तेवढ्यात स्मार्ट लिस्ट हे नवं फीचर आपणहून पुढं आलं, यादी नीट लावू का म्हणून. हो म्हणालो. क्षणात सगळी नावं एका रेघेत! फोलिओरा बनवणाऱ्या पोरांनी काय डोकं लावलंय!
सुमन म्हणाली, छापायच्या आधी एकदा वाचून बघा. मी सांगितलं, आता सॉफ्टवेअरच वाचतं. फाइल परभणीला प्रेसवर पाठवली. पाचशे प्रती.

१३ एप्रिल, दुपार
पत्रिका आल्या. काय दिसतात! एक गठ्ठा सकाळीच अंबादासकडं पाठवला. पहिली देवापुढं ठेवली. दुसरी दादाला. एसटीनं परभणी, तिथून बोरी.
दादांनी चष्मा लावला. एकेका नावावर बोट ठेवत वाचायला लागले. वरून खाली, सावकाश. सगळ्यात खाली बोट थांबलं ते थांबलंच. डिझाइन काळजाला भिडलं, माझ्या लक्षात आलं. म्हणून स्मार्ट लिस्टची माहिती दिली. दादांनी पत्रिका पाकिटात घातली आणि म्हणाले, ऊन लय झालंय, गाडी गाठ.
वहिनींनी चहा ठेवला होता. तो आलाच नाही. वहिनी आताशा विसरायल्यात.

संध्याकाळ
सुमननं पत्रिका वाचली आणि आपली कागदावरची यादी काढून शेजारी ठेवली. स्मार्ट लिस्टनं नावं अकारादि क्रमानं लावलीत. सगळ्यात वर अंबादास. सगळ्यात खाली सोपानराव. सुमननं एवढंच विचारलं की तुमी वाचली होती का. मी म्हणालो, बघितली होती.

१५ एप्रिल
घाबरायचं कारण नाही. जुनी आवृत्ती परत टाकली. ती म्हणते, ही फाइल नव्या आवृत्तीतली आहे, मला उघडत नाही. नवी उघडते, पण दादांना वर नेलं की सेव्ह करताना परत खाली टाकते.
फोलिओरावाल्यांना बग रिपोर्ट, म्हणजे चुकीची तक्रार, लिहिला: माझा थोरला भाऊ शेवटी गेलाय, २६ तारखेला लग्न आहे, फार अर्जंट.
त्यांनी विचारलं, अकारादि क्रम चुकलाय का?
मी लिहिलं, क्रम बरोबर आहे, तेच तर चुकलंय.
म्हणे, मग हा बग नाही. रिपोर्ट बंद.

१७ एप्रिल
प्रेसवाला म्हणाला, लग्नसराईत परत छापून मिळणार नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नावं नव्यानं टाइप करून पट्ट्या काढल्या. डिंकानं पत्रिकांवर चिकटवायलोय. चाळीस झाल्या. उजेडात धरलं की पट्टीखालून अंबादास दिसतोच.
अंबादास स्वतःच आला. त्यानं आपल्या गावात सव्वाशे वाटल्यासुद्धा. म्हणाला, दाजी, जन्मात एवढा मान कुणी दिला न्हाई, आणि रडायला लागला. पत्रिका परत मागायला तोंड कुठून आणू?

२० एप्रिल
दादांना अकरा फोन. रिंग जाते. म्हणजे फोन चालू आहे, ही चांगली गोष्ट. मी स्वतः जाणार होतो, पण अशा वेळी माणसाला थोडा वेळ द्यावा. दादा समजूतदार आहेत. येणारच.

२६ एप्रिल
लग्न झालं. पुढच्या रांगेत दादांची खुर्ची ठेवली होती. कुणाला बसू दिलं नाही. वहिनी एकट्याच आल्या, भक्तीला साडी घेऊन. म्हणाल्या, यांचा गुडघा दुखायलाय. निघताना भक्तीनं विचारलं, मोठे बाबा कुठायत? मी गुडघ्याचं सांगितलं. तिच्या तोंडाकडं बघवलं नाही.

४ मे, सकाळ
मेल आला. फोलिओराचं अल्फाच्या पुढचं बीटा निघालं. स्मार्ट लिस्ट आता न विचारता चालते. रिपोर्ट देणाऱ्या सगळ्यांची नावं आभाराच्या पानावर टाकलीत. माझंपण! जगात नाव झालं. सुमनला हाक मारली.
तीनशे बारा नावं. ज्याचं काम मोठं तो वर. स्क्रीनवर बोट ठेवून वरून शोधायला लागलो. शंभर झाली, दोनशे झाली. शेवटच्या ओळीवर बोट टेकलं आणि तिथून हलंना.
मनाला लय लागलं. फुकट राबलो मी यांच्यासाठी.
सुमननं विचारलं, काय झालं, चहा निवायलाय. मी म्हणालो, मला सगळ्यात खाली टाकलंय. ती माझ्या बोटाकडं बघत उभी राहिली.

दुपार
दुकान उघडलं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं बोरीला जातो. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.