इंजिन कोणी विझवलं

कॅलिनिनग्राद, डिसेंबर

प्रिय ल्योन्या,

फोनवर बोलायला गेले की मला रडू फुटतं आणि मग तूच मला समजावत बसतोस, म्हणून लिहितेय. तुझ्या बाबांना जाऊन नऊ दिवस झाले. तुझी कागदपत्रं तिकडे फ्रान्समध्ये अडकली होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी तुला बोल लावत नाही. रीतीप्रमाणे त्यांच्या फोटोपुढे व्होडकाचा ग्लास भरून ठेवलाय, वर काळ्या ब्रेडचा तुकडा. आपला मेकॅनिक फोमा इल्यीच रोज येतो, त्या ग्लासाकडे बघतो आणि म्हणतो, अर्कादीला एवढा दम कधीपासून धरवायला लागला? हसतो, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसतो.

एप्रिलमधलं ते भांडण माझ्या मनातून जात नाही. चाचणीच्या स्टँडवरच्या त्या उपग्रहाच्या इंजिनात गॅस भरतो, त्याचा प्लाझ्मा होऊन निघून जातो, पुन्हा भरतो, आणि विजेचा प्रवाह सारखा वरखाली होत राहतो. बाबा त्याला इंजिनाचा श्वास म्हणायचे. तुला ती थरथर मुळीच खपत नव्हती. चुंबकाचा जोर वाढवत नेलास, पडद्यावरची रेघ सरळ झाली, तू ऐटीत मागे वळलास आणि इंजिन विझलं. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, शाबास, पोर रडायचं थांबलं, गळाच दाबलास ना. तुझे कान लाल झालेले अजून दिसतात मला. दुसऱ्या दिवशी त्यांनी न बोलता पेटवायचं बटण तुझ्यापुढे केलं. ती माफी होती रे. त्यांना याहून बरी मागता येत नव्हती. तू पेटवलंस आणि संध्याकाळी फ्रान्सला जायला बॅग भरलीस.

ज्यानं पेटवलं त्यानंच विझवायचं, ही आपल्या स्टँडची रीत. चाचणी ऑक्टोबरातच पुरी झाली होती. बंद करा म्हणून वरून निरोपावर निरोप. बाबा म्हणायचे, थांबा, अजून बघायचंय. काय बघायचं होतं हे फोमाला कळत होतं आणि मलाही. मग ते दवाखान्यात पडले. मी गेले की माझी विचारपूस नाही, सूप आणलं का हेही नाही, पहिला प्रश्न, थरथर कशी आहे? मी सांगायची, चाललीय. पण सिलिंडरमधला गॅस तळाला गेला होता. गॅस संपून ते आपोआप विझलं असतं तर बाबांना ते बेवारशी मेल्यासारखं वाटलं असतं.

म्हणून मी विझवलं. फोमानं माझं कोपर धरलं होतं. नंतर सगळे रीतीप्रमाणे मिनिटभर गप्प बसलो. तिथून दवाखान्यात गेले आणि बाबांना सांगितलं, ल्योन्या आला होता, त्यानं विझवलं, तुम्हाला भेटायला दारापर्यंत आला पण आत सोडलं नाही. त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाले, हळूहळू विझवलं ना? हिसका नाही ना मारला, बापासारखा? मी म्हटलं, नाही, अगदी हळू. त्यानंतर त्यांनी थरथरीचं विचारलं नाही. पहाटे गेले. स्टँडवर आम्ही सगळे आता हेच सांगतो. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तू येशील तेव्हा फोमा तुला मिठी मारून म्हणेल, छान विझवलंस. नाही म्हणू नकोस, बाळा.

तुझी वाट बघणारी,
आई