हाफ टाइमचा नारळ

फिंतास, कुवेत, शुक्रवार, फेब्रुवारी १९९८

शिसारी आली आज. सीझनभर हरत आलेली आमच्या मंडळाची फुटबॉल टीम हाफ टाइमला चक्क एका गोलने पुढे होती. तेवढ्यात अध्यक्ष जोशींनी माइक धरला. "पाहुण्यांना लवकर निघायचंय, सत्कार आत्ताच उरकू!" मग शाल, नारळ, भाषणं, आभार. आम्ही घामाने थबथबलेले, रांगेत टाळ्या वाजवत उभे. अंगं आखडली. समोरची मल्याळी पोरं मात्र पळून अंग गरम ठेवत होती. नंतर चार गोल खाल्ले. गोलकीपर मीच. लाज कशी वाटत नाही या लोकांना? जोशी म्हणाले, "हरणं चालायचंच हो, कार्यक्रम छान झाला!" आणि एक उरलेला नारळ माझ्या हातात कोंबला.

तो घेऊन घरी आलो. नारळ बघून बायको, सुनंदा, हरखली. "अय्या, जिंकलात?"